सिरप नको, नुसता बर्फ

आमच्या सिंगापूरच्या ऑफिसकडे थंड देशातल्या एका डोंगरउताराचं काम आलं. वसंतात बर्फ वितळतो, त्याचं पाणी मातीतून किती खाली झिरपेल, हा हिशेब माझ्या वाट्याला आला. उताराखाली घरं होती. निचऱ्याचे पाइप किती खोल घालायचे, ते माझ्या आकड्यावर ठरणार होतं.

आमचे सर माझ्यासारखेच पुण्याचे, पण इथे मुरलेले. म्हणाले, "माती पूर्ण भरल्याशिवाय पाणी खाली जात नाही. झिरप शून्य धर आणि सही कर."

"सर, वापसा आलेल्या जमिनीत पाणी एका जागी बसून राहतं का?"

"अगं, तू बर्फ पडताना तरी पाहिलायस का?"

सगळे हसले. सिंगापुरात काम करायचा माझा पास वाढवणं सरांच्याच हातात होतं, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तुआस भागातल्या आमच्या लॅबमध्ये मी उंच नळकांड्यात त्या उतारावर असते तसलीच माती भरली, वापशाला असते तेवढीच ओली, म्हणजे दमट पण चिखल नसलेली. माती पाणी किती ओढून धरते ते दाखवणारे मीटर वर-खाली खोचले. मग हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, आइस कचांग या बर्फाच्या गोड पदार्थाच्या स्टॉलवर गेले आणि डबाभर नुसता किसलेला बर्फ मागितला.

"नो सिरप, नो बीन्स? देन ईट व्हॉट?" स्टॉलवाले अंकल म्हणाले.

"नॉट फॉर मी, अंकल. फॉर द सॉइल."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि डबा भरून दिला.

एसीच्या गारव्यात बर्फ सावकाश विरघळला. मातीवर थेंबभर पाणी साचलं नाही. वरचा मीटर सांगत होता, माती अजून ओढतेय, भरलेली नाही. तरी खालच्या मीटरचा आकडा हलला, म्हणजे पाणी तिथवर पोचलं होतं. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा हलला. मला भलताच आनंद झाला.

सर म्हणाले, "हा पोरखेळ आहे. पास हवाय की हट्ट?"

"शून्यावर सही करणार नाही, सर."

माझा आकडा मी क्लायंटला पाठवला, सरांना कॉपीत ठेवून. पाठीमागून काही करायची मला सवय नाही.

पास त्यांनी वाढवला नाही. मला दुसरी नोकरी शोधावी लागली. ओळखीचे लोक अजून हळहळतात, एका आकड्यापायी एवढं कशाला म्हणून. पाइप किती खोल गेले, हे मात्र कुणी विचारत नाही. माझा आकडा सांगत होता तेवढेच खोल गेले.