मुठीतल्या अक्षता

कुंभार पिंपळगावात बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारे एक मामा आहेत. मोटार बसवून दिली की संध्याकाळी त्यांचा फोन ठरलेला. "गरम तर न्हाई होत? आवाज बराबर हाय ना?" लोक म्हणतात, काम करावं तर असं. मामी म्हणतात, "घास हातात धरून बसतेत. भाजी अळणी हाय का खारट, ते बी कळत न्हाई त्यांला."

परवा त्यांच्या एकुलत्या लेकीचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली तरी मामा मंडपामागं जनरेटरपाशीच उभे. एका मुठीत अक्षता, दुसरा हात मशीनवर.

मी म्हणालो, "मामा, चला की. लग्न लागून राह्यलं."

"तुमी व्हा पुढं. हे मधीच बंद पडलं, मंग?"

मी पुढं गेलो. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरी नवरदेवाकडे न बघता गर्दीत कुणाला तरी शोधत होती. जनरेटर शेवटपर्यंत चालूच राहिला.

नंतर ती पाया पडायला आली. आशीर्वादासाठी मामांनी मूठ उघडली, तर अक्षता घामानं तळहाताला चिकटलेल्या. त्या तिच्या डोक्यावर एकेक सोडवत मामांनी विचारलं, "गाडीचे ब्रेक बघितले का कुणी?"