ठोकमामाची कोंबडी

आमच्या ठोकमामाने बायकोच्या भावाचा मुडदा पाडला, असं गल्लीत अजून सांगतात. साफ खोटं. गाडी आडवी लावण्यावरून भांडण झालं आणि मामाने त्याचा फक्त जबडा मोडला. मुडदा आजही बसमध्ये तिकिटं फाडतो. तोंड नीट उघडत नाही, म्हणून ‘पुढे सरका’चं ‘हुहे हरका’ होतं, एवढंच.

ठोकमामा माझ्या आईचा भाऊ. गाड्यांच्या पत्र्याचे पोचे ठोकून काढतो. रागही तसाच, आधी हातोडा, मग विचार. आणि प्रत्येक वाक्याला “काय समजलीस?” त्याची नक्कल मी इतकी झकास करते की मामी आतून “आले हो!” म्हणते.

जबडा जुळल्यावर मामीने भावाला जेवायला बोलावलं. नवऱ्याला म्हणाली, “चिकन तुम्ही करायचं, स्वतःच्या हाताने. आणि त्याच हाताने त्याला परत मारलंत, तर मी त्याच्याबरोबर निघाले.” भरलेली बॅग दारात होती.

मामाने जन्मात साधा चहा केला नव्हता.

“पैज, मामा. जेवण संपायच्या आत तू त्याला हाणणार.”

“हरलीस तर माझी नक्कल कायमची बंद. काय समजलीस?”

कोंबडी आली, आख्खी. “जून दिसतेय. मऊ करू,” म्हणत मामाने गॅरेजातली लाकडी मोगरी धुऊन घेतली आणि धाड! धाड! मिठाचा डबा उडाला, भिंतीला रक्ताचे शिंतोडे.

“अहो, ती आधीच मेलीय!” मामी ओरडली.

हाडांचा चुरा झाला होता. त्यातला काट्यासारखा एक तुकडा जरी त्या जबड्यात गेला तर? मामाने मोगरी बाजूला ठेवली. कोंबडी उकडली, परातीत ओतली आणि डोळे मिटून बसला. पोचा तो कधी डोळ्यांनी शोधत नाही, बोटांनी शोधतो. तसं मांस चाचपत त्याने काटे वेचले. बोटं सोलली, पण थांबला नाही. मग कांदा, लसूण, टोमॅटो, हाताला लागेल ते. मीठ दोनदा पडलं, म्हणून बटाटे.

कंडक्टर जेवायला बसला. “हऊ झालंय,” म्हणाला. मामी हसली. पुढच्याच घासाला कट्ट!

तो किंचाळला. स्टीलचा पेला मामाच्या भुवईवर आदळला. “हरामखोरा, हुन्हा?” मामाची कॉलर धरून त्याने एक कानफटात दिली, मग दुसरी. मामाच्या ताटात रक्त टपकत होतं. मोगरी हाताशीच होती. मामीने बॅगेची मूठ धरली. मामाचा हात उठला. मी मनात म्हटलं, जिंकले!

हात मोगरीवरून पुढे गेला आणि त्याने कंडक्टरची हनुवटी धरली.

“आ कर.”

“होड!”

“दाढेत अडकलाय. आ कर म्हणतो ना!”

मामाने रक्ताळलेले डोळे मिटून बोटं त्याच्या तोंडात घातली. कंडक्टर कडकडून चावला. मामा कळवळला, पण हात मागे घेतला नाही. काटा काढला, ताटाच्या कडेला ठेवला.

कंडक्टर हनुवटी चोळत बसला. मग ताट पुढे सरकवलं. “वाढ. हीठ हास्त हडलंय.”

मामीने बॅग सोडली आणि कापूस आणायला धावली. मामा एका डोळ्याने माझ्याकडे बघत म्हणाला, “हरलीस. काय समजलीस?”

उत्तर जिभेवर होतं, त्याच्याच आवाजात. गिळलं.