पेजेचं ताट

मावसाजींना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, दवाखान्यातून घरी मीच आणलं. त्यांचा स्वभाव ठाऊक असताना आणलं, हे आधी कबूल करतो. पाहुण्याला एकटं जेवू न देणारा असा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसेल. कामठ्याच्या त्यांच्या घरी विजेचं मीटर पाहायला आलेल्यालाही जेवायला बसावं लागे, आणि शेजारी मावसाजींचं ताट पडे. एकदा दुपारपर्यंत चार पाहुणे झाले, तर हे चार वेळा जेवले. पाचवा दारातूनच परतला, तेव्हा यांनी सायकल काढून दवनीवाड्याच्या रस्त्यावर त्याला गाठलं. "काऊन गा, माह्या घरी अन्न नाही काय?"

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात कळ उठली ती पाठीपर्यंत गेली. पित्ताच्या खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली होती. "सूज सौम्य आहे, पण तीन-चार दिवस इथंच ठेवा," डॉक्टर म्हणाले. सलाइन लागलं. दुसऱ्या दिवशी कळ ओसरली आणि मावसाजी माझ्यामागे लागले, "दवाखान्यात कायले पडून राहू? इथं कोनाले जेव म्हणू?" मला हसू आलं. कुडव्याच्या माझ्या घरून रोज खेपा घालून मीही कंटाळलो होतो. डॉक्टर नको म्हणत असताना मी त्यांना घरी नेण्याच्या कागदावर सही केली. तेलाचा थेंब नको, फक्त पातळ पेज, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

घरी पोचलो तर मावशीने माझ्यासाठी वडे तळलेले. मावसाजींनी लगेच आपलंही ताट मागितलं. "आज तूच पाहुना गा, मले घरी आनलंस." मी उठलो असतो तर तेही उठले असते. पण संकोच वाटला. मी खाल्लं, त्यांनीही खाल्लं. मग आजाऱ्याला पाहायला गाव लोटलं, आणि आलेला प्रत्येक जण पाहुणाच.

तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, ताप चढला. नागपूरला नेलं. तीन आठवडे ते जगतील की नाही, हे कुणी सांगेना. नाकात नळी असताना मला पाहून त्यांनी बोटं ओठांशी नेली. जेवलास काय, असं विचारत होते. मी मान हलवली आणि बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकलं.

आता ते निम्मे उरलेत. परवा गेलो, तर त्यांच्यापुढे वाटीभर पेज आणि माझ्यापुढे, त्यांच्याच हुकमाने, वडे. मी ताट बाजूला सारलं. "मावशी, मलेही पेजच वाढ." मग त्यांच्याकडे वळून म्हणालो, "माह्यं चुकलं, मावसाजी. त्याच दिवशी पेज मागायला पाहिजे होती. माफ करा मले."