बासोड्याच्या दिवशी ओढलेली काडी

माझा स्वभावच असा, की समोर कुणी काम चुकीचं करत असलं की मला गप्प बसवत नाही. नवरा म्हणतो, "तुला कुणी विचारलंय का?" आता कुणी विचारायची वाट बघत बसले असते तर माझं निम्मं आयुष्य तोंड मिटण्यातच गेलं असतं. जयपूरला बदली होऊन आम्हाला वर्ष झालं होतं. नवरा रेल्वेत सिग्नलच्या कामावर, राहायला रेल्वेचं क्वार्टर, मुलगी सात वर्षांची. एका रविवारी आम्ही बसने आमेरला गेलो. किल्ल्यावर ही गर्दी, म्हणून मागच्या डोंगराकडे फिरायला निघालो.

तिथे एका वस्तीच्या वरच्या उतारावर सात-आठ बायका फावड्यांनी गवत खरवडत होत्या. लांबलचक पट्टा होता, मातीपर्यंत साफ केलेला. मी बघताक्षणी ओळखलं. जाळरेषा! माझे बाबा चंद्रपूरकडच्या जंगलात वनमजूर होते. थंडी सरत आली की त्यांचं हेच काम. वणवा आला तर त्याला पुढे खायला काही मिळू नये, म्हणून मध्ये अशी उघडी पट्टी सोडायची. मी लहानपणी बाबांचा डबा घेऊन जायचे आणि तिथेच बसून बघायचे. पण या बायका काय करत होत्या? कापलेलं सगळं गवत पट्टीच्या काठालाच नीट रचून ठेवत होत्या.

"अहो बाई, ही जाळरेषा आहे का होळीची तयारी?" मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत ओरडले. नवऱ्याने कपाळावर हात मारून घेतला.

त्यांच्यातली सर्वात म्हातारी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तू कोण?"

"मी कोण ते राहू द्या. हे गवत असं ठेवलं तर आग पट्टीशी येऊन थांबणार नाही, इथे बसून जेवेल आणि पुढे जाईल. लांब नेऊन टाका सगळं."

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कडेला पडलेला गवताचा भारा दाखवला. "मग उचल."

मी उचलला. साडी खोचली आणि संध्याकाळपर्यंत उचलतच राहिले. नवरा लेकीला घेऊन सावलीत बसला. ही जीजीची आणि माझी ओळख. सगळी वस्ती तिला जीजी म्हणायची, मीही म्हणायला लागले. ती मला बीनणी म्हणायची, म्हणजे सूनबाई. तिच्याशी हिंदीत बोलताना मी 'आप' म्हणायचे, पण मनात ती मला माझ्या आत्यासारखीच होती, म्हणून इथे सगळं मराठीत आणि अरेतुरेतच सांगते.

तो उतार म्हणजे वस्तीचं गायरान. पूर्वी तिथे धोकाची दाट झाडी होती म्हणे. धोक म्हणजे आपल्या धावड्याचा धाकटा भाऊ, दिसायला किडकिडीत पण चिवट. तो तोडला गेला, उरलेलं बकऱ्यांनी खाल्लं आणि जागा विलायती बाभळीने बळकावली. धोक मात्र मेला नव्हता. बुंध्यातून दरवर्षी फूट यायची आणि दरवर्षी बकऱ्या ती खुडून टाकायच्या. जीजीने वस्तीसमोर पदर पसरून तीन पावसाळे मागून घेतले होते. तीन पावसाळे उतारावर बकरी चढणार नाही. डोंगर हिरवा झाला तर बंदी पुढे चालू, नाही झाला तर उतार मोकळा. बोलणं सोपं असतं, पण जीजीने आधी आपल्याच आठ बकऱ्या लेकाच्या सासरी नेऊन बांधल्या आणि मग दुसऱ्यांना सांगायला गेली. म्हणून तिचं ऐकलं गेलं.

पुढची दोन वर्षं मी बहुतेक रविवारी तिथे असायचे. बाभळी मुळासकट काढल्या, जागोजागी पाणी अडवायला दगडांचे बांध घातले. आणि वणव्याची तयारी तर मी अशी करून घेतली की बाबा असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. धूर दिसला की जीजीच्या घरासमोर पितळेची थाळी वाजवायची. थाळी ऐकली की प्रत्येकीने हातातलं टाकून रेषेवर आपल्या ठरलेल्या दगडापाशी यायचं. पाण्याचे तीन ड्रम, ओली पोती, हिरव्या फांद्या. एका पत्र्याच्या पेटीत शिट्टी, कात्री आणि काड्यापेटी.

"आग विझवायला काड्यापेटी कशाला गं?" जीजीने विचारलं होतं.

मी समजावलं. आग फार मोठी असली आणि वारा असला तर रेषेवरूनही उडी मारते. अशा वेळी आपणच रेषेला लागून, पलीकडच्या गवताला आग लावायची. ती हळूहळू मोठ्या आगीकडे सरकत जाते. दोघी समोरासमोर आल्या की मध्ये जळायला काही उरत नाही. जीजी म्हणाली, "तुम्ही दक्षिणेची माणसं डोक्याने उलटीच." पण पुढच्या बैठकीत तिनेच सगळ्यांना हे समजावलं, जणू शोध तिनेच लावलेला.

तिसरा पावसाळा जोरदार झाला. धोक माझ्या खांद्यापर्यंत आला. पण गवत? गवत छातीपर्यंत! हिवाळ्यात ते वाळून पिवळंधमक झालं आणि मी रविवारी आल्याआल्या आधी रेषा तपासायला लागले. होळीनंतर वस्तीची बैठक व्हायची होती, तीन पावसाळ्यांचा हिशेब त्या बैठकीत लागणार होता. तेवढे दिवस निभले की जीजी जिंकली, असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते.

होळीच्याच सुमारास माझ्या लेकीला कांजिण्या आल्या. जीजीला कळलं तशी ती बस पकडून थेट आमच्या क्वार्टरवर. हातात कडुनिंबाचा डहाळा. "डॉक्टरचं औषध दे, मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली, "पण या वर्षी बासोडा पाळ."

बासोडा म्हणजे देवी-कांजिण्यांची जी देवता, त्या शीतळामातेचा दिवस. होळीनंतर आठव्या दिवशी येतो. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, दिवासुद्धा नाही. आदल्या दिवशी केलेली ताकातली बाजरीची राबडी, तळलेले गोड पुए, दही, सगळं थंडच खायचं. देवीला आग सोसत नाही. जयपूरजवळच्या चाकसूला देवीची मोठी जत्रा भरते, वस्तीतल्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. मी तीन वर्षं त्या दिवशी घरी येऊन मस्त गरम चहा करून प्यायचे आणि वर त्यांची थट्टा करायचे. माझा कशावर विश्वास नाही, हे मी जीजीला कधीच लपवलं नव्हतं.

पण जीजीची पहिली मुलगी याच मातेत, म्हणजे अंगावर देवी येऊन, गेली होती. चार वर्षांची होती. तेव्हापासून जीजीने या दिवशी कधी काडी ओढली नव्हती. तिने मला हे एकदाच, बाभळी ओढता ओढता सांगितलं होतं, पुन्हा कधी विषय काढला नाही. आता ती माझ्या लेकीच्या खाटेशी बसून माझ्याकडे बघत होती.

"बरं, पाळते. शब्द दिला."

"मम्मी, मतलब चहा पण नाही?" लेकीने खाटेवरून विचारलं.

"नाही. तुझ्या बाबांनाही नाही." ते ऐकून नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

बासोड्याच्या दिवशी आम्ही घरी थंड पुए खाल्ले. लेकीचा ताप उतरला होता, खपल्या धरत होत्या. तिला बापाजवळ सोडून मी वस्तीवर गेले, कारण पुरुष कामावर, निम्म्या बायका चाकसूला, आणि उतारावर नजर ठेवायला जीजीसकट आठच जणी उरल्या होत्या. भर दुपारी वारा सुटला. आम्ही वडाखाली दही-राबडी खात बसलो होतो, तेवढ्यात एक जण उठून उभी राहिली आणि रस्त्याच्या बाजूला बोट दाखवलं.

धूर! कुणी विडी फेकली की काय झालं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. जीजी धावत घरी गेली आणि थाळी वाजवायला लागली. आम्ही ड्रमकडे पळालो. मला अभिमान वाटतो सांगायला, एकही बाई गोंधळली नाही. पोती भिजली, फांद्या तुटल्या, प्रत्येकीला आपला दगड सापडला. मी वनरक्षकाला फोन लावला. तो डोंगराच्या पलीकडच्या बाजूला होता, पोचायला तास लागणार होता. "रेषा साफ आहे ना?" त्याने विचारलं. "मग उलटी आग लावा. पण रेषेवर माणसं उभी करा आधी."

आग गवतातून यायला लागली तसा तिचा आवाज ऐकू आला. मी तो आवाज लहानपणी ऐकलेला होता. रेषा एका जागी, मोठ्या खडकापाशी, अरुंद होती. तिथून ती उडी मारणार हे कुणीही सांगितलं असतं. आणि रेषेच्या अलीकडे तीन पावसाळ्यांचा धोक उभा होता.

मी पेटीतून काड्यापेटी काढली. सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. एकजण हळूच म्हणाली, "आज?"

"आज नाही तर केव्हा? आग मुहूर्त बघून आलीय का?" मी खेकसले. काडी काढली आणि पेटीवर टेकवली.

आणि हात चालेना. खरं सांगते, मला आजही त्याची लाज वाटते. आयुष्यभर मी देवीबिवीला हसत आले. पण त्या क्षणी मला फक्त लेकीच्या गालावरच्या खपल्या दिसत होत्या. काही झालं तर? पुन्हा ताप चढला तर? मूर्ख, काडी ओढ, असं मी स्वतःलाच बजावत होते आणि काडी बोटांत तशीच धरून उभी होते. धूर डोळ्यांत जात होता.

जीजी थाळी टाकून वर चढून आली होती. तिने माझ्या तोंडाकडे एकदाच बघितलं. मग माझ्या हातातून काड्यापेटी हिसकावून घेतली.

"जीजी, तू नको! इतकी वर्षं तू..."

"तुझी पोर घरी आहे," ती म्हणाली. "माझ्याकडून न्यायचं ते देवीने केव्हाच नेलंय."

आणि तिने काडी ओढली. पहिली विझली. दुसरी तिने पदराच्या आडोशाला धरली, वाकली आणि गवताला लावली. मग मूठभर गवत पेटवून घेऊन ती रेषेच्या कडेने चालत गेली, मी शिकवलं होतं तसं, पावलापावलाला टेकवत. आम्ही तिच्या मागोमाग ओली पोती आपटत होतो. इकडे उडालेली प्रत्येक ठिणगी कुणी ना कुणी तुडवत होतं. आमची आग आधी अंगठ्याएवढी होती, मग तिने जोर धरला आणि समोरच्या आगीकडे सरकायला लागली. दोघी भेटल्या तेव्हा एक मोठा लोळ वर गेला. आणि मग एकदम काही नाही. नुसती काळी जमीन आणि धूर. खडकापाशी धोकाची पाच-सहा झाडं होरपळली. बाकी सगळा उतार जागच्या जागी उभा.

आम्ही एकमेकींना मिठ्या मारल्या, रडलो, हसलो. जीजी तेवढी खडकावर बसून आपल्या काळ्या झालेल्या हातांकडे बघत होती. मी पाणी दिलं. ते ती प्यायली नाही, तिने हातावर ओतून घेतलं.

बैठक चार दिवसांनी झाली. उतार सगळ्यांनी पाहिलेला होता, त्यामुळे बंदीविरुद्ध बोलायला कुणाला तोंड नव्हतं. मग एका म्हाताऱ्याने, उलट्या आगीचं वनरक्षकाकडून ऐकून, दुसरीच गोष्ट काढली. बासोड्याच्या दिवशी वस्तीत आग लावली गेली, असं तो म्हणाला. ज्या बाईने ती लावली तिच्या शब्दावर गाव कसं चालेल? कुणी लावली, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. आमच्या नऊ जणींपैकी कुणीही कुठे बोललं नव्हतं.

मी ताडकन उठले. "मी लावली. मी इथली नाही, मला तुमचे सणवार काय कळतात? काय बोलायचं ते मला बोला."

म्हाताऱ्याचं समाधान होणार होतं, तो मान हलवायलाही लागला होता. तेवढ्यात माझ्या शेजारून जीजी उठली. तिने घुंघट मागे सारला. पुरुषांसमोर तिचा चेहरा मी पहिल्यांदाच उघडा पाहिला.

"खोटं बोलतेय ही. हिचा हात चाललाच नाही. काडी मी ओढली," ती म्हणाली. "देवीला काय सांगायचं ते माझं मी सांगेन. तुम्ही बकऱ्यांचं बोला."