प्राणी की बुडबुडा

आमच्या भूगर्भशास्त्राच्या बाई कॉलेजच्या संग्रहालयात एका दगडावर वाकल्या होत्या. त्या वालुकाश्मावर बांगडीएवढा गोल ठसा आहे. तो अतिप्राचीन प्राण्याचा, असं त्यांनी आम्हाला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. भिंग माझ्या हाती देत त्या म्हणाल्या, "कडेला वाळू आतून फुटून वर आलीय बघ. वायूचा बुडबुडाही असेल."

"म्हणजे प्राणी नव्हताच?"

"ठाऊक नाही गं."

त्यांनी दगडाखालची 'प्राण्याचा ठसा' ही जुनी चिठ्ठी काढून नवीवर फक्त 'ठसा' एवढंच लिहिलं. मला उगाच वाईट वाटलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी ओल्या वाळूत काहीतरी हललं, इतकंच खरं. ते जिवंत होतं, हे ठरवायची घाई आपली. बाई मात्र पुन्हा त्याच ठशावर वाकल्या, पहिल्यांदाच पाहत असल्यासारख्या.