टोकावड्याच्या घरातले सगळे हात

टोकावड्याहून जीप भरून माणसं माझ्या मुरबाडच्या क्लिनिकवर उतरली. पेशंट त्यांत एकच होती. बाकीचे साक्षीदार.

"मॅडम, तुमचं औषध उलटलं," पेशंटचे वडील म्हणाले. "टकलाचा चट्टा वाटीएवढा होता, बशीएवढा झाला."

पेशंट सुजाता. नर्सिंगला नंबर लागलेला, पुढच्या महिन्यात ठाण्याला हॉस्टेलवर जायचं. "मी जाणार नाय," एवढंच ती बोलत होती. "रूममधल्या पोरी बघतील."

गावाने केस झडायची चाई समजून तिच्या टाळूवर तालुक्यातला सगळा लसूण चोळला होता. पण केस ती स्वतःच उपटत होती. ताण आला की हात आपोआप वर जातो. ते वेड नाही आणि नाटकही नाही. नखं खाणं, खपल्या काढणं ही त्याच सवयीची भावंडं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माइंडफुलनेस हा शब्द मुरबाडमध्ये मला एकटीलाच ठाऊक होता, आणि मलाही तो घरी वापरता येत नव्हता. म्हणून मागच्या खेपेला सुजाताला सोपं करून सांगितलं होतं: हात निघाला की त्याला रागवायचं नाही, मागे खेचायचंही नाही. मनात म्हणायचं, 'हात निघाला.' बोटांना काय वाटतंय ते बघत श्वास चालू ठेवायचा. ओढ थोडा वेळ राहते, मग विरते.

आई शेजारीच बसली होती. तिने हे घरी नेलं आणि वाटून टाकलं.

आता सुजाताचा हात कानापर्यंत गेला तरी ओटीवरून आत्या ओरडायची, "हात निघाला गो!" परसातून आई, शेतावरून वडील, पलीकडून शेजारी. माळशेजहून उतरणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने म्हणे ओरडा ऐकून स्टिअरिंग सोडलं होतं. पोरगी गोठ्यात लपून केस उपटायला लागली.

"आमी डोळ्यात तेल घालून बसतो, मॅडम," आई म्हणाली आणि तिने करंगळीचं नख कुरतडलं. आत्या टाचेची साल सोलत होती. वडिलांच्या मिशीचं टोक दातात होतं.

"मिशी गोड लागते का हो?" मी विचारलं.

"कोणाची?"

"तुमची."

त्यांनी मिशी सोडली. सुजाता पहिल्यांदा हसली.

"आजपासून सगळे पेशंट," मी म्हटलं. "ज्याने त्याने आपापला हात बघायचा. मनातल्या मनात. दुसऱ्याचा हात दिसला तरी तोंड उघडायचं नाही."

"आन् आमाला काय झालाय?" आत्या टाच पदराखाली घेत म्हणाली.

"तेच बघायचंय."

पुढच्या वेळी सुजाता एकटीच एसटीने आली.

"घरात काय चाललंय?"

"सगळे गप. आत्या तर हातांवर बसते. माझ्याकडे कोणी बघतच नाय."

"वाईट वाटतं?"

"थोडं. पण मॅडम, हात वर जातो तेव्हा आता मलाच पहिल्यांदा कळतं."

तिने मान खाली घातली. चट्ट्यावर दाढीच्या खुंटांसारखे केस उगवले होते.

ती हॉस्टेलवर गेली. परीक्षेच्या दिवसांत हात परत वर गेला, तेव्हा रूममधल्या पोरींना तिने स्वतःच सांगितलं. त्यांतल्या दोघी नखं खाणाऱ्या निघाल्या. वडिलांची मिशी मात्र एवढी वाढली की ते ओळखू येईनात.

धंद्यात एवढं शिकले: पेशंट बरा व्हायला हवा असेल तर आधी घरच्यांना काहीतरी काम लावून द्यावं.