गाढवाचं मांस आणि शुभदाचे उपास

शुभदा मटण खाते, बोंबील खाते, ब्रुसेल्सला गेली तेव्हा तिनं शिंपलेही खाल्ले. म्हणजे हे प्रकरण सोवळ्याचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

२०१४ साली नवऱ्याच्या, यतीनच्या, नोकरीमागून ती नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला आली. यतीन ऑफिसात आणि ही दिवसभर घरात एकटी. गेमेन्तेच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, डच वर्गात तिला शूमेई भेटली. चीनमधल्या बाओदिंगची, तीही नवऱ्यामागून आलेली. दोघींना मिळून दीडशे डच शब्द येत असतील, पण तेवढ्यावर त्यांचं मस्त जमलं. गावात शुभदाला दुसरं कोणी नव्हतं.

एका गुरुवारी शूमेई घरी हुओशाओ घेऊन आली. पदर सुटलेली कुरकुरीत रोटी, मधून चिरून आत मसाल्यात शिजवलेलं मांस आणि हिरवी मिरची भरलेली. शुभदाचा हात पुढे झालाच होता. तिनं सहज विचारलं, कशाचं? शूमेईनं मोबाइलवर गाढवाचा फोटो दाखवला. भावानं इटलीहून मांस आणलं होतं.

आता शुभदाची गोष्ट अशी, की ती जन्मली तेव्हा मूठभर होती आणि तिला काही पचत नव्हतं. मिरजेत दारावर येणाऱ्या गाढविणीचं दूध चमच्यानं पाजून आईनं तिला जगवलं. डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत, शुभदाचा यावर ठाम विश्वास आहे. शाळेत मुली त्यावरून इतक्या चिडवायच्या, की पुढे कित्येक वर्षं तिनं हे कुणालाच सांगितलं नाही, यतीनलाही नाही. तिनं आपलं सोपं कारण काढलं.

"आज उपास."

शूमेईनं उरलेलं मांस आपल्या घरी फ्रीजरमध्ये टाकलं. पुढच्या वेळी संकष्टी निघाली, मग अख्खा श्रावण. शूमेई बिचारी उपास कॅलेंडरवर लिहून घ्यायची आणि सुटायची वाट बघायची. मला शुभदाचा याबद्दल आजही राग येतो. भर श्रावणात सुपरमार्केटमध्ये शूमेई समोर आली, तेव्हा हिच्या ट्रॉलीत कोंबडीच्या तंगड्या. शूमेई ट्रॉलीकडे बघून वळली आणि निघून गेली. त्या दिवसापासून ती वर्गात दुसऱ्या बाकावर बसू लागली.

तीन आठवडे शुभदाला जेवण गोड लागलं नाही. शेवटी एका सकाळी सायकल काढून ती शूमेईच्या दारात गेली आणि होत्या तेवढ्या डचमध्ये बोलली.

"मी बाळ. आजारी. गाढवाचं दूध. मी जगले."

"मला वाटलं, तुला माझी किळस येते," शूमेई म्हणाली. मग बराच वेळ शब्द शोधत तिनं सांगितलं, "बाबांचं दुकान. स्टेशनजवळ. तीस वर्षं हेच हुओशाओ विकलं, आम्हाला शिकवलं. मार्चमध्ये गेले. मी जाऊ शकले नाही. एकटीनं खाववत नाही."

शुभदानं फ्रीजर उघडला, पुडा काढला आणि तिच्या हातात दिला.

"तू खा. मी बसते."

शूमेईनं मांस गरम केलं, रोट्या भाजल्या. शुभदाच्या रोटीत नुसती मिरची घातली. शूमेई रडत रडत खात होती. शेवटच्या घासापर्यंत शुभदा समोरून हलली नाही.